पंथ सोडलेली माणसं जुन्या रॉकच्या प्रश्नांत एवढी का रमतात

आमच्या क्विझ टीममध्ये आम्ही चौघं. त्यातले तिघं लहानपणापासून बंदिस्त धार्मिक पंथांमध्ये वाढलेले, तिघांचे पंथ वेगवेगळे, आणि चौथा मी, मूळचा नगरचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात बर्मिंगहॅमला. पंथांची नावं मी इथे लिहिणार नाही, कारण तिघांचेही आईबाप, भावंडं अजून आतच आहेत आणि माझ्या लिहिण्यापायी त्यांना एक शब्दही ऐकावा लागू नये. दर गुरुवारी रात्री आठला पबमध्ये क्विझ असतं, संगीताची फेरी सगळ्यात शेवटी, आणि त्या फेरीत जुनं रॉक निघालं की या तिघांचे चेहरे असे काही खुलतात की ते बघायला मी भर पावसात दोन बस बदलून जातो.

मागे गावाकडचा एक मित्र फोनवर म्हणाला, अरे असली माणसं एकत्र आली की देवाधर्मावरच बोलत असतील ना, नाहीतर रडत तरी असतील. म्हणलं तसंही होतं कधीकधी. पण बहुतेक वेळा बोलणं चालतं ते लेड झेपलिन या जुन्या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमच्या कव्हरवर नाव का छापलं नाही यावर, नाहीतर बॉयलरच्या सर्व्हिसिंगवर, किंवा पोरीने केस निळे केलेत त्यावर, चहात दूध आधी की नंतर यावर. मित्राला ते काही पटेना, त्याला वाटलं ही माणसं दुःख टाळतायत. मलाही पहिलं वर्षभर असंच वाटायचं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट समजावून सांगायचं तर थोडं मागून सुरू करावं लागेल.

आधी पंथ या शब्दाचं बघू. आपल्याकडे तो वाईट शब्द नाही, वारकरी पंथ, नाथ पंथ, महानुभाव पंथ असं आपण आदरानेच म्हणतो. इंग्रजीत ज्याला कल्ट म्हणतात ती वेगळी गोष्ट आहे, आणि अभ्यासक हल्ली तोही शब्द टाळून 'जास्त ताबा ठेवणारे गट' असं काहीतरी म्हणतात, जे मला जास्त पटतं. कारण गट कुठल्या देवाला मानतो त्यावरून हे ठरतच नाही. ठरतं ते दोन गोष्टींवरून, आत असताना प्रश्न विचारता येतो का, आणि बाहेर पडायचं झालं तर काय गमवावं लागतं. देवळात जाणं बंद केलं म्हणून माझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, दोन दिवस धुसफूस केली आणि तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला. या तिघांच्या बाबतीत तो डबा कायमचा बंद झाला.

यासाठी आपल्या भाषेत अगदी नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. महाराष्ट्राला हा शब्द कुणी समजावून सांगायला नको, जातपंचायतींनी किती घरांचं पाणी, लग्नं, मयती बंद केल्या ते आपण बघितलंय, म्हणून तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा झाला, ज्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पाश्चात्त्य देशांत हेच धर्माच्या नावाने चालतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण यहोवाच्या साक्षीदारांचं, म्हणजे दारोदार जाऊन प्रचार करणाऱ्या त्या ख्रिस्ती पंथाचं. तिथे गंभीर चूक झाली असं वाटलं की वडीलधाऱ्यांची समिती माणसाला बोलावून घेते, आणि त्याला पश्चात्ताप नाही असं ठरलं तर सभेत एका ओळीची घोषणा होते की अमुक व्यक्ती आता आपल्यातली नाही. संपलं, त्यानंतर जन्मापासूनची ओळख असलेली माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जातात. २०२४ मध्ये संघटनेने या प्रकाराचं नाव बदललं आणि सभेला या एवढं म्हणण्यापुरती, साध्या नमस्कारापुरती मोकळीक दिली. पण बसून गप्पा मारायच्या नाहीत ते नाहीतच.

'गप्पा' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रॉबर्ट लिफ्टन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी माओच्या चीनमध्ये 'विचारसुधारणा' भोगून बाहेर आलेल्या लोकांशी बोलून १९६१ मध्ये अशा वातावरणाच्या ८ खुणा सांगितल्या. त्यातली एक खूण भाषेची आहे, म्हणजे गट साध्या शब्दांत स्वतःचा अर्थ इतका ठासून भरतो की तो शब्द उच्चारला की पुढचा विचारच थांबतो. आमच्या टीममधली ताई, शाळेच्या ऑफिसात काम करते, पन्नाशीची आहे, तिला बाहेर पडून सहा वर्षं झाली तरी अजून पटकन बोलताना "जगातले लोक" असं म्हणून जाते. म्हणजे तुम्ही-आम्ही, बाहेरचे. म्हणलं की जीभ चावते. मग म्हणते, "म्हणजे शेजारी गं, साधे शेजारी." मला ती गं म्हणत नाही अर्थातच, इंग्रजीत बोलते, पण तिचा स्वर आमच्या नगरच्या मावशीसारखाच आहे म्हणून मला ते तसंच ऐकू येतं.

आता संगीत. अशा गटांना गाण्यांची एवढी भीती का, आणि त्यातही रॉकची? सोपं आहे, पोरगं तेरा-चौदा वर्षांचं झालं की त्याच्या खोलीत बाहेरचा आवाज शिरायची पहिली वाट म्हणजे रेडिओ. दार लावून घेता येतं पण रेडिओ भिंतीतून ऐकू येतो. आणि भीती घालायला निमित्तं भरपूर मिळाली. १९६६ च्या मार्चमध्ये जॉन लेनन लंडनच्या एका पेपरला मुलाखतीत बोलून गेला की बीटल्स आता येशूपेक्षा जास्त लोकप्रिय आहेत. इंग्लंडात कुणी ढुंकूनही बघितलं नाही, पण उन्हाळ्यात तेच वाक्य अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं आणि आग लागली, खरोखरची आग, लोकांनी चौकात रेकॉर्डी जाळल्या. बंदीची हाक कुठून आली माहितीये? बर्मिंगहॅमच्या एका रेडिओ स्टेशनवरून. आमचं नव्हे, अमेरिकेतल्या अलाबामाचं बर्मिंगहॅम. आमच्या बर्मिंगहॅमने त्यानंतर चार वर्षांनी, १९७० च्या १३ फेब्रुवारीला, शुक्रवारी, जगाला ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा पहिला अल्बम दिला. एका नावाची दोन गावं आणि दोन तऱ्हा! आमचा प्लंबर, साठीला आलेला, टीममधला सगळ्यात जुना पंथत्यागी, त्याला हा योगायोग इतका आवडतो की नवीन माणूस टेबलावर आला की तो पहिल्यांदा हेच सांगतो.

मग आली उलट्या रेकॉर्डीची गोष्ट, आणि इथे जरा थांबतो कारण भीती कशी तयार होते हे याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आणि तिथून सगळीकडे बोलबाला झाला की रॉकवाले गाण्यात सैतानाचे निरोप उलटे भरतात, तबकडी हाताने उलटी फिरवली की ऐकू येतात, आणि सरळ ऐकतानाही ते नकळत मेंदूत जातात. सगळ्यात बदनाम झालं लेड झेपलिनचं १९७१ चं 'स्टेअरवे टू हेवन'. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या एका समितीपुढे ते उलटं वाजवून दाखवण्यापर्यंत मजल गेली. झेपलिनच्या रेकॉर्ड कंपनीने उत्तर दिलं की आमची टर्नटेबलं एकाच दिशेला फिरतात, पुढे. प्लंबर सांगतो की त्यांच्याकडे एका रविवारी दुपारी पोरांना बसवून हे सगळं ऐकवलं होतं, तो अकरा-बारा वर्षांचा होता... नाही, चुकलो, त्याचं वय बघता तेव्हा तो सतरा-अठराचा असेल, अकरा-बारा वर्षांचा त्याचा धाकटा भाऊ होता. भाऊ रात्रभर दिवा लावून झोपला.

आता यात नेमकं काय घडतं? आपल्या घरचंच उदाहरण घ्या. 'सुखकर्ता दुःखहर्ता'मध्ये शब्द आहेत "संकटी पावावे", आणि अर्धा महाराष्ट्र टाळ्या वाजवत म्हणतो "संकष्टी पावावे". तसंच "फणिवरबंधना"चं पोरं "फळीवर वंदना" करतात, मीसुद्धा दहावीपर्यंत तेच म्हणत होतो आणि मला खरंच देवघराची फळी दिसायची. कारण कान नुसता आवाज घेतो, शब्द मेंदू बनवतो, आणि तो आपल्या ओळखीच्या शब्दांतूनच बनवतो. फणिवर म्हणजे नाग हे पोराला माहीत नाही, फळी माहितीये, विषय संपला. हे तर सरळ आवाजाचं झालं. उलट्या आवाजात तर काहीच धड नसतं, शब्दाची शेपटी आधी येते, सगळं फुगत फुगत येऊन फटकन तुटतं, म्हणजे मेंदूला वाटेल ते भरायला मोकळं रान. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाचे व्होकी आणि रीड यांनी यावर प्रयोग करून १९८५ मध्ये निष्कर्ष छापले. उलटं बोलणं ऐकवलं तर बोलणारी बाई आहे की पुरुष एवढं लोकांना कळत होतं, अर्थ मात्र कळत नव्हता, नकळत मेंदूत शिरल्याची काही खूणही सापडली नाही. पण आधी सांगितलं की आता अमुक वाक्य येणार आहे, की मग भराभर लोकांना तेच वाक्य ऐकू यायला लागलं.

म्हणजे वाक्य रेकॉर्डीत नसतं, आधी हातात दिलेल्या चिठ्ठीत असतं. त्या रविवारी पोरांना आधी फळ्यावर वाक्य लिहून दाखवलं होतं, प्लंबरला तो फळा अजून आठवतो. हा प्रयोग त्याने वाचला तेव्हा तो चाळिशीत होता आणि त्याने भावाला पत्र लिहिलं. भाऊ आत आहे, उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही हे तो दर वेळी सांगतो.

या भीतीची सगळ्यात वाईट शाखा कोर्टापर्यंत गेली. १९८५ च्या डिसेंबरमध्ये नेवाडात दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, एक तिथेच गेला, दुसरा तीन वर्षांनी. घरच्यांनी जुडास प्रीस्ट या बँडवर खटला भरला की १९७८ च्या अल्बममधल्या एका गाण्यात लपवलेल्या शब्दांनी हे घडवलं. १९९० मध्ये रीनोच्या कोर्टात खटला चालला आणि ज्या आवाजावर सगळं उभं होतं तो निघाला गिटारचा सूर आणि गायकाचा उच्छ्वास एकावर एक आल्याचा. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. गायक रॉब हॅलफर्डने स्वतःचीच गाणी उलटी वाजवून त्यात पेपरमिंट मागितल्याचं वाक्य शोधून कोर्टाला ऐकवलं होतं. जुडास प्रीस्टही आमच्याच भागातले, म्हणून इथल्या म्हाताऱ्या लोकांना ही केस तोंडपाठ आहे. त्या दोन पोरांचं मला फार वाईट वाटतं, त्यांच्या आयुष्यात जे खरं दुःख होतं त्याच्याकडे बघायचं सोडून सगळे टेप उलटी फिरवत बसले.

आणि गंमत अशी की खरोखरच उलटे निरोप भरणारे बँड होतेच, पण त्यांनी ते उघड उघड मजेसाठी भरले. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे पुन्हा बर्मिंगहॅमच्याच, १९७५ च्या 'फायर ऑन हाय'मध्ये उलटा आवाज आहे, सरळ करून ऐकलात तर तो सांगतो की संगीत उलटवता येतं, काळ उलटवता येत नाही, मागे फिरा. पिंक फ्लॉइडने १९७९ च्या 'द वॉल'मध्ये उलटं भरलंय की अभिनंदन, तुम्हाला गुप्त निरोप सापडला.

१९७५ म्हणलं की माझ्या डोळ्यांपुढे दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी येतात. एक रॉकचं. फेब्रुवारीत लेड झेपलिनचा 'फिजिकल ग्राफिटी', ऑगस्टमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न टू रन', सप्टेंबरात पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर', ऑक्टोबरच्या ३१ तारखेला क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी', ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं, रेडिओवाले वाजवणार नाहीत म्हणत होते आणि ते इंग्लंडात ९ आठवडे पहिल्या नंबरावर बसलं. (गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, पहिला बँडही तिथेच केलेला, हे आता सगळ्यांना माहीत असतं, पण मी दर वेळी सांगतोच.) दुसरं कॅलेंडर यहोवाच्या साक्षीदारांचं. त्यांच्या १९६६ च्या एका पुस्तकात हिशोब मांडला होता की माणसाच्या निर्मितीला १९७५ च्या शरदात ६००० वर्षं पूर्ण होतात, आणि त्यावरून लाखो लोकांनी ताडलं की आता या जगाचा शेवट. १९७४ मध्ये संघटनेच्या पत्रकात घरंदारं विकून उरलेला वेळ प्रचाराला देणाऱ्यांचं कौतुक छापलं होतं. शरद आला आणि गेला. १९८० मध्ये त्यांच्या मासिकाने त्या अपेक्षा वाढवल्याबद्दल खेद मान्य केला.

म्हणजे बघा, रेकॉर्डीच्या दुकानाबाहेर क्वीनसाठी रांग लागलेली, त्याच रस्त्यावर कुणीतरी पोराला सांगतंय कॉलेजचा विचार करू नकोस, तेवढं जग टिकणार नाही. त्या वर्षी पंधरा-सोळाचं असलेलं पोर आज पासष्टीच्या घरात आहे. भाकीत चुकल्यावर सगळे उठून का गेले नाहीत हा प्रश्न येतोच, त्यावर लिऑन फेस्टिंगर यांनी पन्नासच्या दशकात उडत्या तबकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या एका छोट्या गटात माणसं पाठवून अभ्यास केला होता. थोडक्यात एवढंच की जितकं जास्त घालवलेलं असतं तितकं चूक कबूल करणं जड जातं. घर विकलेला माणूस सहज म्हणू शकत नाही की हिशोब चुकला.

त्याच १९७५ च्या शेवटी पॅटी स्मिथचा 'हॉर्सेस' आला. ती स्वतः यहोवाच्या साक्षीदारांच्या घरात वाढलेली, आई श्रद्धाळू, आणि कलेला तिथे जागा नाही म्हणून किशोरवयातच बाहेर पडलेली. अल्बमची पहिलीच ओळ अशी की येशू कुणाच्या तरी पापांसाठी मेला, माझ्या नव्हे. ताई म्हणते की ती ओळ तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती, गाडीत एकटी होती, आणि तिने गाडी बाजूला घेतली. देव नाकारल्याचा आनंद वगैरे काही नव्हतं, ती आजही रात्री प्रार्थना करते. तिला धक्का बसला तो याचा की कुणीतरी 'माझ्या' असं इतक्या सरळ म्हणलं आणि त्यानंतर गाणं चालूच राहिलं.

आता मानसशास्त्रातली एक गोष्ट सांगतो म्हणजे जुनंच रॉक का ते कळेल. म्हातारपणी माणसाला आयुष्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते साधारण १० ते ३० या वयातलं, तिथे आठवणींचा उंचवटा असतो, आणि त्या वयातली गाणी तर हाडात मुरतात. तुम्ही नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढला असाल तर १९९८ चं शारजा, वाळूचं वादळ आणि सचिन हे आठवायला कष्ट पडत नाहीत, ट्रेनमध्ये अनोळखी माणसाशी त्यावर तासभर बोलता येतं. कल्पना करा की त्या रात्री तुमच्या घरात टीव्हीच नव्हता, क्रिकेटची आवड म्हणजे पाप होतं, आणि आज चाळिशीत तुम्ही ऑफिसात जेवायला बसलायत आणि सगळे त्यावर हसतायत. तुम्हाला एकही धागा सापडत नाही. पंथातून बाहेर आलेल्या माणसाचं हे रोजचं जेवण असतं. त्याच्याकडे त्या वयाच्या आठवणी आहेत, भरपूर आहेत, पण त्या ज्यांच्याबरोबरच्या आहेत ती माणसं आता बोलत नाहीत आणि ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याकडे त्या नाहीत.

म्हणून ही मंडळी पन्नाशीत बसून १९७१ शिकतात. राहून गेलेली इयत्ता पूर्ण केल्यासारखी. ब्लॅक सॅबथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट प्लंबर हाताने करून दाखवतो, सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची तीच बोटं. मग त्याने भांड्यांच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, बोटं दुखू नयेत म्हणून तारा नंतर सैल लावायला लागला, आणि त्या सैल तारांतून तो जडशीळ आवाज आला ज्याला हेवी मेटल म्हणतात. प्लंबर हे सांगताना स्वतःची दोन बोटं मुठीत धरतो, त्याच्या नखांत पाइपच्या जोडाला लावायची पांढरी पेस्ट असते. लहानपणी त्याला सांगितलं होतं की तो आवाज नरकातून येतो. तो आला होता बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून, त्याच्या बापासारख्याच कामगाराच्या हातातून. आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याच बँडचं एक गाणं चक्क देवाच्या बाजूने बोलतं, शब्द कॅथलिक घरात वाढलेल्या गीझर बटलरचे. हे कळलं त्या दिवशी तो दोन तास कुणाशी बोलला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑसबॉर्न गेला तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलावर फुलांचा ढीग होता, हा तिथे जाऊन उभा राहून आला.

उलट्या दिशेच्या गोष्टीही असतात. १९७१ च्या फेब्रुवारीत फ्लीटवुड मॅकचा गिटारवाला जेरेमी स्पेन्सर लॉस एंजेलिसमध्ये पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून हॉटेलातून निघाला आणि परत आलाच नाही. बाकीचे दिवसेंदिवस शोधत होते. सापडला तो 'चिल्ड्रन ऑफ गॉड' नावाच्या पंथाच्या ठिकाणावर, केस कापलेले, आणि त्याने यायला नकार दिला. आम्ही ऐकणारे विचारतो तो पंथात का गेला. हे तिघं विचारतात की हॉटेलात वाट बघणाऱ्यांनी त्या रात्री काय केलं असेल. वाट बघणाऱ्यांची बाजू त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते. पंथात चुकण्याची किंमत फार असते. विचार चुकला तर अनंतकाळ जातो, शब्द चुकला तर बैठक बसते, आणि कुणी चुकल्याचं तुम्ही लपवलंत तर तुम्हीही अडकता. चाळीस वर्षं असं जगलेल्या माणसाला ठाम बोलण्याचीच भीती बसते. पहिल्या महिन्यात आमच्या टीममधला तिसरा, सगळ्यात धाकटा, ताईचा मावसभाऊ, उत्तर माहीत असूनही पेन वर धरून बसायचा. प्रश्न होता, 'स्टेअरवे'च्या सुरुवातीला जे बासरीसारखं वाजतं ते कोणतं वाद्य आणि कुणी वाजवलंय. त्याने हळूच विचारलं, "चुकलं तर?" ताई म्हणाली, "अर्धा गुण जाईल रे." तो म्हणाला, "आणि?" ती म्हणाली, "आणि काही नाही." त्याने बासरी असं लिहिलं. उत्तर होतं रेकॉर्डर, म्हणजे बासरीसारखंच फुंकून वाजवायचं पण वेगळं वाद्य, वाजवणारा झेपलिनचाच जॉन पॉल जोन्स. चुकलं. प्लंबर उठला, चिप्स घेऊन आला, बशी मधोमध ठेवली, आणि धाकट्यासमोर व्हिनेगरची बाटली सरकवली. बस, एवढंच झालं. मी त्या पोराकडे बघत होतो, त्याने तीन-चार वेळा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, कुणाचा चेहरा बदललाय का ते. मग चिप्स खायला लागला.

ट्रिव्हियाची, म्हणजे क्विझमधल्या असल्या फुटकळ माहितीची, हीच गोष्ट आहे. उत्तर कुणाच्या अधिकाराने ठरत नाही, अल्बमच्या पाठीवर छापलेलं असतं, कुणीही जाऊन बघावं. चुकलात तर पुढचा प्रश्न येतो. आणि बरोबर आलात तरी तुम्ही कुणापेक्षा पवित्र होत नाही. बॉयलर, निळे केस, चहातलं दूध या गप्पांचंही तेच, त्यात वाद घालता येतो, मत बदलता येतं, दुसऱ्या आठवड्यात विसरता येतं. ज्या गप्पा त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या त्याच या.

गेल्या महिन्यातली एक रात्र सांगतो. शेवटच्या फेरीत द हू या बँडचं १९७१ चं गाणं लागलं, ऑर्गनचा तो गरगर फिरणारा आवाज, सगळ्या टेबलांवर लोकांनी चटकन त्यातलेच शब्द नाव म्हणून लिहिले, आमच्या ताईनेही. मी म्हणलं खोडा, नाव 'बाबा ओ'रायली' आहे, हे नाव गाण्यात कुठेच येत नाही. पुढचा प्रश्न, यातले बाबा कोण? इथे माझी छाती भरून आली, कारण ते आमच्या नगरचे. पुण्यात जन्मलेले मेहेर बाबा, हे गाणं लिहिणारा द हूचा पीट टाउनशेंड त्यांना मानायचा, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, दोघांची नावं जोडून गाण्याचं नाव केलंय. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन घेतलं ते ३१ जानेवारी १९६९ ला जाईपर्यंत सोडलं नाही. समाधी मेहेराबादला, अरणगावजवळ, नगरहून दौंडच्या रस्त्याला.

मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो आणि ताईचं पेन थांबलेलं होतं. बाबा, अनुयायी, समाधी, तिच्या खांद्यांवरूनच कळत होतं तिच्या डोक्यात काय चाललंय. तिने विचारलं, "तू जायचास तिथे?"

म्हणलं, हो, आजोबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून. आजोबा विठोबाचे माणूस, बाबांचे भक्त वगैरे नव्हते, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी निघायचे. रेल्वेचे रूळ ओलांडायचे, टेकडी चढायची, डोकं टेकवायचं, सावलीला बसून पुडीतले शेंगदाणे खायचे आणि अंधार पडायच्या आत घरी.

"मग परत का नाही गेलात?"

"गेलो की, दुसऱ्या वर्षी. कधी नाही गेलो. आजोबांच्या गुडघ्यावर असायचं."

"आणि नाही गेलात त्या वर्षी कुणी विचारायला आलं घरी?"

"कोण येणार?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कागद ओढला, आधीचं नाव एका रेघेने खोडलं आणि मला म्हणाली, "स्पेलिंग सांग."